ठकीचा काटा

१

दगड हातात घेतला आणि तो हलका लागला, म्हणून चोरी कळली. नाहीतर आणखी वीस वर्षं कुणाच्या बापालाही पत्ता लागला नसता.

मी पोलिसांत तेहतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोकांना मी अजून फौजदारबाईच. ज्या संस्थांना पोलिस दारात नको असतात, त्या मला बोलावतात. गुरुवारी सकाळी जीवाश्म संग्रहालयाच्या संचालकांचा फोन आला. "जरा येऊन जाता का?" म्हणाले. माणूस 'जरा' म्हणाला की प्रकरण मोठं असतं, हे मी आता ओळखते.

तळघरात लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांत उथळ खण, खणांत कापसावर ठेवलेले दगड. मधल्या टेबलाशी संचालक उभे होते, घामाघूम. त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले एक शास्त्रज्ञ, कपाळावर भिंग चढवलेले. त्यांना सगळे परीक्षक म्हणत होते. आणि जरा लांब, भिंतीला टेकून, निळा एप्रन घातलेली एक बाई. साठीला टेकलेली, बोटांची कातडी दगडाच्या भुकटीने पांढरी पडून भेगाळलेली. दगडात अडकलेला जीवाश्म सुईने कोरून मोकळा करायचा, हे तिचं बत्तीस वर्षांचं काम. तिला सुईताई म्हणतात.

टेबलावरच्या तबकात राखाडी दगड होता. त्यावर बोटभर लांबीचा एक किडा उठून दिसत होता. अंगावर आडव्या वळ्या, ढालीसारखं डोकं, आणि डोक्याच्या एका बाजूने केसाएवढा बारीक काटा पुढे आलेला.

"ट्रायलोबाइट," परीक्षक म्हणाले. "समुद्राच्या तळाशी सरपटणारा, कवचाचा प्राणी. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. सगळं कूळच संपलं त्यांचं. आमच्या सरांनी चौतीस वर्षांपूर्वी या एका दगडावरून एक नवी प्रजाती जाहीर केली. प्रजाती म्हणजे जातींचं घराणं समजा. या घराण्याचा दुसरा नमुना जगात नाही. शास्त्रातलं नाव लांबलचक आहे. इथे सगळे ठकी म्हणतात."

"आणि हा डावीकडचा काटा..." मी बोट दाखवलं.

"उजवा," परीक्षक आणि सुईताई एकदम म्हणाले.

मी कपाळाला आठ्या घातल्या. डावं-उजवं मला कळतं.

"आमच्यात डावं-उजवं किड्याचं असतं, बघणाऱ्याचं नाही," परीक्षक म्हणाले. "तुम्ही तिच्या तोंडासमोर उभ्या आहात. तिच्या बाजूने बघा. सर पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. चुकलं की हातावर पट्टी बसायची. ठकीचा डावा गाल नाहीच. उजव्या गालाला हा एक काटा."

"बरं. मग चोरीला काय गेलंय? ठकी तर इथेच आहे."

"हे प्लास्टर आहे," संचालक ओरडलेच. "नक्कल! यांनी आज सकाळी हातात घेतली आणि हलकी लागली. मूळ दगड गेला. खणाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक हिच्याकडे. आणि असली हुबेहूब नक्कल करणारे हात या इमारतीत एकीचेच आहेत. शनिवारी दुपारी बारापर्यंत दगड आला नाही, तर मी हिला पोलिसांत देणार. नोकरी बत्तीस वर्षांची असो नाहीतर पन्नास."

सुईताईला निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी तिच्याकडे बघितलं. घाबरलेला माणूस मला लांबून ओळखू येतो, सगळा जन्म त्यांच्यातच गेला. ही घाबरलेली नव्हती. ती त्या प्लास्टरकडे वाकून बघत होती, आणि बघता बघता तिला काहीतरी कळलं. मग तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

२

"मी केलेली नाही," एवढं ती म्हणाली. "याहून जास्त मला विचारू नका."

मी विचारलंच, तासभर. भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता.

मग संचालकांना धरलं. मंगळवारी सुईताईने ठकी तोलून नोंदवहीत वजन लिहिलं होतं, खाली संचालकांची सही. म्हणजे मंगळवारी दगड खरा होता. गुरुवारी सकाळी खोटा. मधे फक्त बुधवार. त्या दिवशी तळघरात तीन माणसं येऊन गेली. सुईताई, ती तर रोजचीच. संध्याकाळी गाडीने उतरलेले परीक्षक, त्यांनी तासभर खण बघितले. आणि सरांची पत्नी. सर जाऊन नऊ वर्षं झाली, पण काकू दर बुधवारी त्यांचे कागद लावायला येतात. चहाच्या वेळी सुईताईचा एप्रन खुंटीवर असतो आणि किल्ली एप्रनच्या खिशात, हे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसतं.

"आणि तुम्ही?" मी संचालकांना विचारलं.

"मी बुधवारी बाहेरगावी होतो. किल्ली माझ्या खिशात होती."

"कोठीत प्लास्टरची दोन पोती फोडलेली दिसली."

"मूर्तींच्या चौथऱ्यांसाठी मागवली होती!" ते तांबडेलाल झाले. "मी कशाला चोरू? ठकी आहे म्हणून हे संग्रहालय आहे. उद्या ती गेली तर हे सगळे खण पेट्यांत भरून कुठल्यातरी मोठ्या संग्रहालयाच्या कोठारात जातील."

"तेच म्हणतेय मी. दगडच नसेल तर परीक्षक परीक्षण कशाचं करणार?"

त्यांनी विषय बदलून मला चहा विचारला. मला ते चहा विचारणं आवडलं नाही. परीक्षक कशासाठी आलेत हे मला कुणीच नीट सांगितलेलं नव्हतं.

परीक्षक वरच्या खोलीत खिडकीशी बसले होते. ते सरांचे पहिले विद्यार्थी. सुईताई इथे कामाला लागण्याच्या वर्षभर आधी, सरांशी कडाक्याचं भांडून ते बाहेर पडले होते.

"भांडण ठकीवरूनच झालं," ते म्हणाले. "हे प्राणी वाढताना कवच टाकायचे. साप कात टाकतो तसंच. कात टाकताना गाल सुटतात. एखादा गाल वाहून जातो, एखादा फिरून उलटा पडतो. या प्राण्यांचा गालकाटा एरवी मागे वळलेला असतो. ठकीचा पुढे आहे, म्हणून सरांनी नवी प्रजाती मानली. मला तेव्हाच वाटलं होतं की ही नुसती कात आहे, एका जुन्या, माहीत असलेल्या प्रजातीची. सर माझ्यावर असे संतापले की मी हादरलो. एरवी चूक दाखवली की खूश होणारा माणूस. आता दुसरीकडे त्या जुन्या प्रजातीचे चांगले नमुने मिळालेत, म्हणून मी ताडून बघायला आलो."

"ताडून पाहिलं आणि तुमचं खरं निघालं, तर?"

"तर सरांनी दिलेलं नाव जाईल."

"दगड तुम्हीच पळवला असेल तर?"

ते हसले नाहीत. "मग मी आज सकाळी तोंड उघडलं नसतं. आणि ऐका, नक्कल करायला नुसता दगड हाताशी असून भागत नाही. त्यावर रबर ओतायचं, ते सुकू द्यायचं, सोडवायचं, मग त्या साच्यात प्लास्टर. अख्खा दिवस जातो. मी इथे आलो बुधवारी संध्याकाळी. ज्याने हे केलं, त्याच्याकडे मूळ दगड आधी कधीतरी दिवसभर, एकट्याच्या ताब्यात होता."

या इमारतीत असं एकच माणूस होतं, आणि ते खाली टेबलाशी सुया पुसत बसलं होतं.

३

शुक्रवारी सकाळी काकूंकडे गेले. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला. माझ्या गुडघ्यांनी प्रत्येक मजल्यावर माझा उद्धार केला.

काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ताठ, दृष्टी अधू. खिडकीशी टाइपरायटर. त्याच्या बाजूला वेताची एक छोटीशी खुर्ची, चार वर्षांचं पोर जेमतेम मावेल अशी, आणि तिच्यावर कागदांचा गठ्ठा. मी खुर्चीबद्दल विचारलं नाही. तेव्हा मला ते कामाचं वाटलं नाही, आणि याचा मला अजून राग येतो.

"सरांचा प्रत्येक शब्द मी टाइप केलाय," काकू म्हणाल्या. "मला शास्त्रातलं कळत नाही, पण चूक एक सापडायची नाही. डाव्याचं उजवं झालं तर अख्खं पान परत घालायला लावायचे ते."

"बुधवारी काही वेगळं दिसलं?"

"काही नाही. कागद लावले, सुईबरोबर चहा घेतला, निघाले." त्या थांबल्या. "तिचं काय होणार?"

"उद्या बारा वाजता पोलिस."

काकूंनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. "तिने नाही हो केलेलं."

"कशावरून?"

"ती तसली नाही म्हणून."

हे उत्तर मला दर तपासात कुणीतरी देतं. मी पुढे गेले. "मी फक्त नक्कल पाहिलीय. खरी ठकी कशी आहे, सांगाल?"

त्यांनी डोळे मिटले. आवाज एकदम मऊ झाला. "कुशीवर वळल्यासारखी. अंगाच्या वळ्या अगदी मोजून घ्याव्यात अशा. आणि तो डाव्या गालाचा काटा. केसासारखा. पुढे येत येत बारीक होतो, पार टोकापर्यंत शाबूत. इतकी वर्षं झाली, पण जराही धक्का नाही लागलेला."

"नाव ठकी कुणी ठेवलं?"

"ह्यांनी," काकू म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे संचालक होते, आणि आवाजात आनंद मावत नव्हता.

"बाई, परत या. सुईताईने लिहून दिलंय. नक्कल तिनेच केली, दगडही तिनेच नेला."

४

मी तळघरात आले तेव्हा सुईताई तिच्या टेबलाशी बसून एका दगडाला सुई लावत होती. जणू काही झालंच नव्हतं.

"दगड कुठाय?" मी विचारलं.

"नदीत टाकला."

"कुठल्या पुलावरून?"

"आठवत नाही."

"कशासाठी टाकला?"

"डोकं फिरलं."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो ना, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "बाई गं, तू तुरुंगात जाशील. बत्तीस वर्षांनंतर सगळे तुला चोर म्हणतील. कळतंय का तुला?"

तिचे डोळे भरून आले, पण ती सुई चालवत राहिली. "कळतंय."

मी चिडले. चिडले की मी कागद वाचते, जुनी सवय. ठकीची नोंदवही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचत बसले. सरांचं अक्षर टपोरं. दगड मधोमध फुटला तेव्हा त्याची दोन शकलं झाली, असं लिहिलं होतं. एक 'अंग', ज्यावर प्राणी उठून दिसतो. दुसरा 'ठसा', ज्यात त्याचा खळगा असतो. अंग, खण सतरा. ठशापुढे सरांनी एकच शब्द लिहिला होता: गहाळ.

दोन वर्षांनंतरची नोंद वेगळ्या हाताची होती, कोवळ्या, थरथरत्या अक्षरात. "पुन्हा साफ करताना उजव्या गालकाट्याचं टोक माझ्या सुईने उडालं. तुकडा सापडला नाही." खाली सुईताईची सही. ती कामाला लागली त्या वर्षीची.

मी उठले. तबकातली नक्कल उचलली, परीक्षकांचं भिंग घेतलं आणि काटा बघितला. पुढे येत येत बारीक होणारा, केसासारखा, पार टोकापर्यंत शाबूत.

"सुईताई," मी म्हणाले, "ही नक्कल तू खऱ्या दगडावरून केलीस ना?"

"हो."

"मग तू मोडलेलं टोक हिच्यात आलं कुठून?"

सुई थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि आता मात्र ती घाबरली होती.

५

शनिवारी सकाळी नऊला मी संचालकांच्या खोलीत बसले होते. परीक्षकही होते. रात्रभर मी एकाच गोष्टीवर अडून बसले होते. बत्तीस वर्षांत ज्याने कुणी खऱ्या दगडावरून नक्कल केली असती, त्याच्या नकलेत टोक मोडकंच आलं असतं. टोक मुद्दाम कोरून घातलं म्हणावं, तर फसवायला ठेवलेल्या नकलेत कुणी अशी सुधारणा करत नाही. आणि परीक्षकांना ते खटकलं नाही, कारण त्यांनी ठकीला शेवटचं पाहिलं तेव्हा टोक शाबूत होतं.

संचालक सुईताईच्या निलंबनाच्या पत्रावर शिक्का मारायला बसले. त्यांनी रबरी शिक्का उचलून शाईच्या गादीवर दाबला आणि आडवा धरून बघितला. माझ्या बाजूने मला शिक्क्याचा तळ दिसला. सगळी अक्षरं उलटी. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे.

"थांबा," मी म्हणाले. "तो शिक्का मारू नका."

"बाई, आता काय?"

"परीक्षक, ठसा म्हणजे खळगा असलेला दगड. त्याच्यात सरळ प्लास्टर ओतलं तर काय निघेल?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "ठकी निघेल. रबर नको, साचा नको. ठसा हाच निसर्गाने केलेला साचा. जरा तेल लावायचं, प्लास्टर ओतायचं. कुणालाही जमेल." मग ते सावकाश म्हणाले, "आणि टोक शाबूत निघेल. कारण टोक अंगावरून उडालं, ठशात ते जसंच्या तसं आहे."

"म्हणजे नकलेला खरा दगड दिवसभर ताब्यात असायची गरज नव्हती. नक्कल घरी करायची, बुधवारी आणायची, खुंटीवरच्या एप्रनमधून किल्ली घ्यायची, अदलाबदल करायची. काम पाच मिनिटांचं. ज्याच्याकडे ठसा, त्याच्याकडे ठकी."

"पण ठसा तर गहाळ आहे," संचालक म्हणाले.

"सरांनी तसं लिहिलंय. आता सांगा, ठसा डोकं वर करून समोर ठेवला, तर उजव्या गालाचा काटा कुठे दिसेल?"

"डावीकडे," परीक्षक म्हणाले.

"काल मला एका बाईंनी ठकीचं वर्णन सांगितलं. डाव्या गालाचा काटा, टोकापर्यंत शाबूत."

"कुणी दगड उलटा धरून बघितला असेल, तुमच्यासारखा," संचालक म्हणाले.

"माझ्यासारख्या अडाण्याने म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण या बाईंनी आयुष्यभर सरांचे कागद टाइप केलेत. डाव्याचं उजवं झालं की अख्खं पान परत घातलंय. त्या किड्याचंच डावं-उजवं सांगतात. फक्त ज्या दगडाकडे बघून त्या सांगतात, तो अंग नाही, ठसा आहे. रोज बघतात त्या. डोळे मिटूनही तोच दिसतो त्यांना."

परीक्षकांनी भिंग टेबलावर ठेवलं. "काकू," ते म्हणाले. "पण का?"

ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेलं एक माणूस मात्र खाली तळघरात बसलं होतं, आणि मी तिला हाताला धरून उठवलं.

६

तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं चढलो. काकूंनी दार उघडलं, सुईताईचा चेहरा बघितला, आणि काही न विचारता बाजूला झाल्या.

"काकू," मी म्हणाले, "बारा वाजता हिला पोलिस नेणार आहेत. हिने गुन्हा कबूल केलाय. लेखी."

"कसला गुन्हा?" काकूंचा आवाज चिरकला. "हिने? कशाला कबूल केलास गं? मला वाटलं, नक्कल सापडली तर म्हणतील खूप जुनी अदलाबदल, कुणाचं नाव येणार नाही. तुझं नाव येईल असं मला स्वप्नातही... मी आज येणारच होते. विचारा, चप्पल घालून बसले होते मी."

खरंच, पायात चपला होत्या.

त्या आतल्या खोलीतून फडक्यांची दोन गाठोडी घेऊन आल्या. एकात ठसा होता, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या. दुसऱ्याची गाठ बुधवारपासून सोडलेलीच नव्हती. सुईताईने ती सोडली. काकूंनी खऱ्या ठकीवरून बोट फिरवलं, अंगाच्या वळ्यांवरून, गालावरून, काट्यावरून. बोट थांबलं.

"टोक कुठाय?"

सुईताईने मान खाली घातली.

"टोक कुठाय हिचं? माझ्याकडून मोडलं का?"

"माझ्याकडून, काकू," सुईताई म्हणाली. "बत्तीस वर्षं झाली. मी नवीन होते. सर मला एका शब्दानेही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, घरी सांगू नकोस, तिला सहन व्हायचं नाही. मी नाही सांगितलं. गुरुवारी नकलेत टोक पाहिलं आणि मला कळलं, हे ज्याला टोक मोडलेलं माहीत नाही त्याने केलंय. आणि ठकीत एवढा जीव अडकलेलं तसं माणूस एकच."

काकू त्या छोट्या खुर्चीजवळ खाली बसल्या. मग सगळं सांगितलं, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता.

मुलगी होती. घरात ठकी म्हणायचे. चार वर्षं आणि दोन महिने. तापाने गेली. पुढच्या वर्षी सरांना हा दगड सापडला आणि त्यांनी प्रजातीला तिचं पाळण्यातलं नाव दिलं, लॅटिन वळण लावून. ठसा गुपचूप घरी आणून बायकोच्या हातात ठेवला आणि वहीत गहाळ लिहिलं. आयुष्यात तेवढंच एक खोटं लिहिलं त्या माणसाने. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते जिथे असायला हवं तिथे आहे.

"तुम्ही येणार, म्हणजे नाव जाणार," काकूंनी परीक्षकांकडे मान वळवली. "तुमचं पत्र मीच फाइलला लावलं. शाळेच्या पटावर तिचं नाव कधी लागलं नाही. फोटोही एकच, तोही हललेला. तिचं नाव कुठे छापलेलं असेल तर ते याच दगडापाशी. दगडच नसला तर खोडणार कशावरून, असं वाटलं मला. चुकलं माझं. पण तसं वाटलं."

संचालक खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना मनात पुष्कळ नावं ठेवली होती, पण त्यांनी तेव्हा तोंड उघडलं नाही, हे त्यांच्या नावे मांडून ठेवते.

परीक्षकांनी अंग आणि ठसा दोन्ही खिडकीशी नेले. भिंग लावून कितीतरी वेळ बघत राहिले. शेवटी काकूंसमोर जमिनीवरच येऊन बसले.

"काकू, कातच आहे. गाल फिरलेला ठशात अगदी स्पष्ट दिसतोय. मला खोटं सांगता येणार नाही."

"म्हणजे हा जीव इथे मेलेला नाही?"

"नाही. कात टाकून पुढे गेला."

काकूंनी वेताच्या खुर्चीवर हात ठेवला. "कुणीतरी पुढे गेलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मग आता तिचं नाव खोडणार?"

"खोडत नाहीत आमच्यात. जुनं नाव वर येतं आणि हे त्याच्या खालच्या ओळीत जातं, सरांच्या नावासकट, वर्षासकट. कुणीही यादी उघडली की दोन्ही वाचावी लागतात. आणि एकदा दिलेलं नाव जगात दुसऱ्या कुठल्या प्राण्याला देता येत नाही. तसा नियम आहे."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मी घड्याळाकडे बघितलं. साडेदहा. संचालकांनी खिशातून सुईताईचा कबुलीजबाब काढला आणि मला न विचारता फाडला. काकूंनी आपला जबाब स्वतः टाइप करून दिला, सही केली. मी अहवालात लिहिलं की दगड परत आला, ठसा चौतीस वर्षांनी संग्रहात जमा झाला, नेणाऱ्या व्यक्तीने लेखी कबुली दिली, आणि कर्मचाऱ्यांपैकी कुणाचाही यात काडीचा दोष नाही. शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या. पुढे कुणाला पोलिसांत जायचं असेल त्याने आधी माझ्याशी बोलावं.

निघताना सुईताई दोन्ही दगड कापसात गुंडाळत होती. काकू तिच्या जवळ गेल्या.

"तुम्हाला घरी ठेवायची होती ना, काकू," सुईताई म्हणाली. "ठसा तरी. मी बोलू का संचालकांशी?"

"नको. खळगाच आहे तो. ने." काकूंनी तिच्या पांढऱ्या, भेगाळलेल्या बोटांना हात लावला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. "केवढंसं तोंड झालंय तुझं. तीन दिवस जेवली नाहीस ना? दगड राहू दे त्यांच्याकडे. तू बस. मी वाढते."